जेवल्या घराबद्दल बाई बोलत नसत

बाई मांजरालाही अहो म्हणत. दारात बोका दिसला की, "तुम्ही बाहेरच थांबा, आत दूध उघडं आहे," असं त्याला बजावत, आणि तो बिचारा थांबेही. वाडीत चिकू उतरवायला येणारी माणसं, पोस्टमन, शेजारचं नुकतंच पावलं टाकायला लागलेलं पोर, सगळ्यांना तुम्ही. अरे-तुरे फक्त मोजक्यांना: बँकेचा मॅनेजर, तालुक्याचे एक पुढारी आणि स्वतःचा पुतण्या. बारावी होऊन मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही बसा." मी मागे वळून पाहिलं. बाबा तर फाटकापाशीच घुटमळत होते, मग या बसा कोणाला म्हणतायत ते मला कळेना.

पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना याचं कारण विचारलं. त्या चिकू सोलत होत्या. म्हणाल्या, माझ्याकडे येणारा प्रत्येक जण काहीतरी मागायलाच येतो. मागताना माणूस आधीच वाकलेला असतो, मी अरे म्हणून त्याला आणखी कशाला वाकवू? मी म्हटलं, आणि मांजर? तर म्हणाल्या, तेही दूध मागायलाच येतं की.

बाईंची चिकूची वाडी बोर्डीच्या बाजूला. त्यांच्या सासऱ्यांनी वाडीचा एक तुकडा वेगळा काढून ठेवला होता आणि त्याच्या उत्पन्नातून आसपासच्या मुलांची कॉलेजची फी भरायची असं लिहून ठेवलं होतं. त्याचा एक छोटासा ट्रस्ट होता. त्याला नाव होतं, पण ते कोणी घेत नसे. शाळेतले सर म्हणायचे, बाईंकडे जा. आमचं गाव तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला, भाताचं आणि नागलीचं. तिथून बोर्डीला जायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी, मग पायी. समुद्र इतक्या जवळून मी त्या दिवशी दुसऱ्यांदाच पाहिला असेन, पण पाहण्यात लक्ष नव्हतं.

मला फार्मसीला प्रवेश मिळाला होता. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज भरून झाला होता. ती येणारही होती, पण येणार होती तिच्या सवडीने, आणि कॉलेजला फी हवी होती प्रवेश घेतानाच. मधला काळ कसा काढायचा एवढाच काय तो प्रश्न. तो एवढासा प्रश्न आमच्या घरात मावत नव्हता.

बाई अर्ज वाचत नसत. तो हातात घेऊन तसाच पुतण्याकडे देत. "सगळे अर्ज एकाच माणसाने लिहिलेले असतात, आणि तो माणूस फार रडका आहे," असं त्यांचं मत होतं. त्याऐवजी त्या एक प्रश्न विचारत: फी नाही मिळाली तर काय कराल? कोणी म्हणे, आमचं आयुष्य वाया जाईल. अशांना बाई शांतपणे सांगत की आयुष्य इतक्या लवकर वाया जात नाही, त्याला बरीच वर्षं लागतात. मी सांगितलं, एक वर्ष कंपनीत पॅकिंगला जाईन आणि पुढच्या वर्षी परत तुमच्याकडे येईन.

"पुढच्या वर्षी मी असेन कशावरून?"

"मग दुसरं कोणीतरी असेल," माझ्या तोंडून निघून गेलं. लगेच जीभ चावली. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि आत हाक मारून सांगितलं, यांना चिकू द्या.

त्या चिकूचीही एक तऱ्हा होती. तो तिथेच, त्यांच्यासमोर खायचा. घरी न्यायला बांधून मिळायचा नाही. बांधून दिला की माणूस भावंडांना देतो आणि स्वतः खात नाही, असा त्यांचा अनुभव होता. मी लाजत लाजत एक खाल्ला. त्यांनी तीन खायला लावले.

बाईंकडे एक घडीचं कापडी स्टूल होतं. त्या कुठेही गेल्या तरी ते काखेत असायचं. कोणाच्या घरी गेलं की लोक आपली जागा सोडून उठतात, म्हाताऱ्याला उठवून मला बसवतात, ते मला नको, म्हणून आपली बैठक आपल्याबरोबर. बँकेतही त्या रांगेत स्टूल मांडून बसत आणि रांग सरकली की स्टूल पुढे सरकवत. मॅनेजर काचेच्या केबिनमधून पळत येई आणि आत बसा म्हणून विनवण्या करी. बाई म्हणत, "तू जा, तुझं काम कर. माझा नंबर आला की मी येते." तो तिथेच उभा राहायचा, कारण बाई रांगेत असताना आत जाऊन बसायची त्याची छाती होत नसे. अशा वेळी रांग भराभर सरकते हे मी स्वतः पाहिलंय.

पुतण्याच्या मोटारीत मात्र त्या बसत नसत. एसटी, जीप, नाहीतर पायी. गाडीत बसलं की रस्त्यावरची माणसं बाजूला होतात आणि मग कोणी भेटत नाही, ही त्यांची तक्रार. पुतण्या वैतागायचा. तसा तो भला माणूस होता, हिशेबाला चोख, फक्त बाईंबरोबर ट्रस्ट चालवायचा म्हणजे त्याच्या डोक्याला ताप होता. बाई त्याच्याशी गुजरातीत भांडत आणि मराठीत समेट करत. मी तिथे असले की "चालो, हवे बस," म्हणजे चल, आता पुरे, एवढं ऐकू यायचं आणि पाठोपाठ "चहा घेतोस का रे?"

आणि त्यांची झोप. जेवण झालं की बाईंना झोपावंच लागे, जिथे असतील तिथे. लग्नाच्या हॉलमध्ये त्या कोपऱ्यात चटई टाकून झोपल्याचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. एकदा आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटायला आल्या, सरांनी आग्रहाने जेवू घातलं, आणि मग त्यांच्याच खोलीतल्या सोफ्यावर बाई गाढ झोपल्या. सर दुपारभर बाहेर व्हरांड्यात सह्या करत उभे होते. मला बोलावून विचारलं, या तुझ्या कोण? मी म्हटलं, या माझी फी भरतात. तेव्हापासून सर माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागले.

फी परत करायची नसे, पण ट्रस्टच्या मुलांना बाई फुकट बसू देत नसत. आयटीआयचा मुलगा निकाल दाखवायला आला की, "वाडीतली मोटार बंद पडलीय, ती जरा बघा." वकिलीच्या मुलीला घरपट्टीच्या नोटिसा वाचून दाखवाव्या लागत. माझ्याकडे त्यांच्या गोळ्यांचा डबा आला. पहिल्या वर्षी मला काय कळणार होतं? पण सुट्टीत गेले की त्या एकेक पाकीट पुढे करत आणि ही पोटात जाऊन काय करते ते सांगा म्हणत. मी घरून वाचून जायला लागले. परीक्षेत जे कधी नीट जमलं नाही ते बाईंपुढे बसून जमायला लागलं. गुणपत्रिकेकडे त्या ढुंकून बघत नसत. या वर्षी कुठला विषय अजिबात आवडला नाही, एवढं विचारत, आणि मी त्या विषयाला शिव्या घालायला लागले की खुशीत ऐकत. 2019 मध्ये शेवटच्या वर्षाचा निकाल घेऊन गेले तेव्हाही हाच प्रश्न. मी म्हटलं, बाई, या वर्षी सगळेच आवडले. त्यांचा चेहरा पडला.

आता मी डहाणूला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, बरं चाललंय. बाईंच्या गोळ्या माझ्याकडूनच जातात. पण त्यांची खरी गोष्ट सांगायची तर पहिल्या वर्षाकडे परत जावं लागेल, म्हणजे त्या आमच्या घरी जेवायला आल्या होत्या तिकडे.

कारण बाईंची पद्धतच तशी होती. ज्याला मदत द्यायची त्या मुलाच्या घरी आधी जाऊन जेवायचं. न जेवता घर कळत नाही, असं त्या म्हणत. त्यापुढचा त्यांचा नियम मात्र कोणाच्याच पचनी पडत नसे. ज्या घरी जेवल्या, त्या घराबद्दल ट्रस्टच्या बैठकीत एक अक्षर बोलायच्या नाहीत. मीठ खाल्लेलं माणूस खरं बोलत असलं तरी त्याचं बोलणं धरू नये, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पुतण्या म्हणे, अगं काकी, मग जेवतेसच कशाला? तर म्हणत, "मग मला कळणार कसं?"

त्यामुळे बोलायचं काम पुतण्याकडे यायचं. आदल्या वर्षी कोणीतरी मदत घेऊन त्यातून नवी मोटारसायकल घेतली होती, तेव्हापासून त्याने मोबाइलवर घराचे फोटो काढायला सुरुवात केली होती. बैठकीत फोटो बघायचे आणि ठरवायचं.

निरोप माझ्या आतेभावाच्या मोबाइलवर आला: बाई रविवारी जेवायला येतायत, पुतणेही येऊन जातील, मग बाई दुपारच्या जीपने परत. आठवडाभर आमच्या पाड्यावर दुसरा विषय नव्हता. आवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते, सगळे गुडघाभर चिखलात, पण बांधावर बोलणं हेच. शनिवारी संध्याकाळी घरात एकेक वस्तू यायला लागली. शेजारच्या काकींनी टेबलफॅन आणला, वर कुकर आणि फुलाफुलांचा ट्रे. बचत गटाच्या वहिनींनी गटाच्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या पाठवल्या. मामा पलीकडच्या पाड्यावरून टीव्ही घेऊन आला आणि आईने त्यावर विणलेला रुमाल टाकला. आतेभावाने मोटारसायकल धुऊन आमच्या पडवीत उभी केली.

मी हे बघतच राहिले. आमचं घर कुडाचं, खाली शेणाने सारवलेलं. त्यात तो टीव्ही, त्या खुर्च्या. मी बाबांना म्हटलं, आपण गरीब आहोत म्हणून मदत मागतोय ना? हे बघून कोण देईल? फोटो काढणार आहेत ते.

बाबा खुर्ची पुसत होते. ते शांतपणे म्हणाले, "गरीब हाव ता कागदावर लिवलाय ना? मंग घरात कशाला मांडायचा?"

"पण बाबा, फी..."

"पाहुनी जेवाय येते. तिला काय आपली भोका दाखवायची? तसा कॉलेज नको मना."

बाबा कधी आवाज चढवत नाहीत, तेव्हाही चढवला नाही. म्हणून पुढे बोलायची सोय राहिली नाही. मला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती. हे वर्ष गेलं तर पुढचं येईलच याची बाईंपुढे दाखवलेली खात्री घरी आल्यावर माझ्याजवळ उरली नव्हती.

पुतण्या सकाळीच मोटारीने आला. चहा घेतला, मोबाइल काढला आणि जे जे दिसलं त्याचे जवळून फोटो घेतले. गाडी, पंखा, खुर्च्या, टीव्ही, चुलीजवळचा कुकर. मी ट्रेमध्ये पाणी घेऊन दारात आले तर माझाही घेतला. जाताना बाबांशी अदबीने हात मिळवला. त्याचा चेहरा बघून मी काय ते समजले.

बाई नंतर आल्या, पायी, साडी वर खोचून, काखेत स्टूल. मांडलेल्या खुर्च्यांकडे बघून छान आहेत म्हणाल्या आणि भिंतीशी स्टूल टाकून बसल्या. पावसाळी हवा होती, अंगावर शहारा येत होता, तरी काकींनी पंखा मोठ्यावर लावून त्यांच्याकडे वळवला. बाईंनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला. आईने कोंबडी केली होती, तांदळाच्या भाकरी केल्या होत्या. बाई पोटभर जेवल्या. बोलणं सगळं शेतीचं झालं. यंदा आवण कसं लागलं, बी कुठलं, नागली किती धरता. कॉलेजचा विषयच नाही.

इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. जेवण झालं की बाई जीप गाठायला निघतील आणि मागोमाग जो तो आपली वस्तू घेऊन जाईल, असा बेत होता. बाईंच्या झोपेबद्दल आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"एक चटई मिळेल का?" बाईंनी विचारलं, आणि पिशवी उशाला घेऊन त्या आडव्या झाल्या. दोन मिनिटांत घोरायला लागल्या.

आई माझ्याकडे बघायला लागली, मी बाबांकडे, बाबा दाराकडे. आधी आतेभाऊ आला. त्याची दुसरी पाळी होती, गाडीशिवाय कंपनीत पोचणार कसा? त्याने गाडी चालू केली नाही, बाई जाग्या होतील म्हणून चिखलातून रस्त्यापर्यंत ढकलत नेली. मग काकी आल्या. त्यांच्या सासऱ्यांना माश्यांचा त्रास, दुपारी पंखा लागतो. काकींनी पंखा हळूच बंद केला तशा बाई कुशीवर वळल्या, कानावरचा पदर आपोआप सुटला आणि झोप आणखी गाढ झाली. काकींनी कुकर आणि ट्रेही नेला. त्यानंतर वहिनी दोघींना घेऊन आल्या, गटाची बैठक होती. खुर्च्या एकीत एक घालून डोक्यावर घेतल्या आणि झोपलेल्या बाईंना वळसा घालून, चोरपावलांनी बाहेर. शेवटी मामा टीव्ही गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला. रुमाल तेवढा आईच्या हातात राहिला.

मला हसू येत होतं आणि रडूही. बाबा बाहेर पडवीत, घराकडे पाठ करून बसले होते. आत काय काय चाललंय ते त्यांना आवाजावरून कळत होतं, पण एकदाही त्यांनी मान वळवली नाही. त्यांची ती पाठ बघून माझा सगळा राग उतरला. त्यांना मदतीची पर्वा नव्हती असं नव्हतं. घरी आलेल्या पाहुणीसमोर त्यांना एक दिवस ताठ बसायचं होतं, आणि तो दिवस त्यांच्या पाठीमागून तुकड्या-तुकड्याने निघून चालला होता.

बाई उठल्या. डोळे चोळले आणि चारी बाजूंना पाहिलं. भरलेल्या घरात झोपलेलं माणूस रिकाम्या घरात जागं झालं होतं. बाई म्हणाल्या, "चहा मिळेल का थोडा?"

चहा आमच्याच कानतुटक्या कपात आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनी आईला विचारलं, "कोंबडी तुमचीच ना?"

"आमचीच," आई इतक्या जोरात म्हणाली की बाहेर बाबा दचकले.

बाईंना सोडायला मी रस्त्यापर्यंत गेले. जाताना त्या प्रत्येक घरापुढे थांबल्या आणि पाणी मागितलं. काकींच्या ओट्यावर पंखा फिरत होता. वहिनींच्या अंगणात लाल खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या. मामाच्या पाड्याकडच्या वळणावर मामा स्वतःच गोणपाट खांद्यावर घेऊन विश्रांतीला टेकलेला भेटला. बाई प्रत्येकाला नाव विचारत, कामाला कुठल्या वाडीत येता विचारत, पाणी पीत आणि पुढे निघत. मी मान खाली घालून मागे. रस्त्याला लागल्यावर मला राहवेना. मी म्हटलं, बाई, ते घरातलं सगळं सामान...

त्यांनी हात वर केला. "थांबा. मी तुमच्या घरी जेवले आहे. आता मला काही सांगू नका."

जीप आली आणि त्या गेल्या.

आठवड्याच्या मध्यात पुतण्याचा फोन आला. तो कुठेही उर्मट बोलला नाही. म्हणाला, ट्रस्टवर आणखी दोन वडीलधारी आहेत, त्यांनी फोटो पाहिले, त्यांच्या मते तुमच्याहून जास्त नड असलेली घरं आहेत. रविवारी बैठक आहे. तुमचं काही म्हणणं असेल तर वडिलांना घेऊन या. कॉलेजची फी भरायची मुदत त्याच्या पुढच्या दोन दिवसांत संपत होती. ही एकच वाट उरली होती.

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मी सांगतो तेंना. सगला उसना होता म्हनून."

रविवारी एसटीत ते खिडकीशी बसले होते. मी पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. कान दिला तर तेच वाक्य होतं. सगला उसना होता, आमचा काय नाय. सगला उसना होता. जे घरात मांडायचं नाही म्हणून पाडाभर फिरले, ते परक्या ओट्यावर बोलून दाखवायची ते तयारी करत होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

ओट्यावर दोघे वडीलधारे खुर्च्यांवर होते, पुतण्या लॅपटॉप उघडून बसला होता. बाई खांबाशी आपल्या स्टुलावर, तोंडाला कुलूप लावल्यासारख्या. आम्हाला बाकावर बसवलं. एवढ्यात फाटकाशी टेंपो थांबला. त्यातून काकी उतरल्या, वहिनी उतरल्या, मामा उतरला, आणखी चार-दोन बायाबाप्ये. मागून मोटारसायकलवर आतेभाऊ. मी तर चाटच पडले. बाबा उठून उभेच राहिले.

"हे कोण?" पुतण्याने विचारलं.

"माझे पाहुणे आहेत. मी जेवायला बोलावलंय," बाई म्हणाल्या. "तू तुझं चालू दे. फक्त ते फोटो इकडे फिरव, त्यांनाही जरा दिसू देत."

पुतण्या काही म्हणणार होता, पण त्याने लॅपटॉप फिरवला. पहिला फोटो गाडीचा. बाबांनी तोंड उघडलं, तोच आतेभाऊ पायरीवरून म्हणाला, "ही तर माझी. ती बघा, बाहेर लावलेय."

सगळ्यांनी वळून बाहेर पाहिलं. तीच गाडी, तोच नंबर.

पुढचा फोटो पंख्याचा. काकी पुढे सरसावल्या. "हा माझा. जाली तुटलेली दिसते का? आमच्या पोरानं तोडलेय." खुर्च्या आल्या तेव्हा वहिनी म्हणाल्या, गटाच्या आहेत, पाठीवर गटाचे आकडे घातलेत, मोठं करून बघा. टीव्ही आला तेव्हा मामाने आधी डोकं खाजवलं. मग म्हणाला, "माझा हाय. पन चालत नाय." दोघे वडीलधारे हसायला लागले, त्यातल्या एकांनी चष्मा काढून डोळे पुसले. कुकर आला तेव्हा काकींनी पुन्हा हात वर केला. बाबा तसेच उभे होते. वाटभर घोकलेलं वाक्य त्यांना बोलावंच लागत नव्हतं.

बाई काहीच बोलत नव्हत्या. त्या आमच्या घरी जेवल्या होत्या.

पुतण्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला. तो फोटो पुढे सरकवत राहिला, आणि शेवटचा आला. दारात मी उभी आहे, हातात ट्रे, ट्रेमध्ये पाण्याचे पेले, आणि घाबरलेलं तोंड.

"ट्रे माझा," काकी घाईघाईने म्हणाल्या.

वडीलधाऱ्यांपैकी एकांना जरा कमी दिसायचं. मी समोरच बाकावर बसलेय हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते पडद्याकडे वाकले आणि त्यांनी विचारलं, "आणि ही मुलगी?"

बाबा एक पाऊल पुढे आले.

"ही माझी," ते म्हणाले. "ही उसनी नाय."